संयुक्त गृहकर्ज एकाच्या नावावर घेताना: तीन दप्तरं, तीन नावं आणि माझ्या चुका

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला तेव्हा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर चहा पिताना मला वाटलं होतं, संपलं एकदाचं. सहमतीपत्रात स्पष्ट लिहिलं होतं: फ्लॅट नवऱ्याचा, म्हणजे माझा, पुढचे सगळे हप्ते तो भरेल, बायको आपला हिस्सा सोडेल. संपलं काहीच नव्हतं. दीड वर्षाने तिचा फोन आला. नाशिकला ती स्वतःसाठी घर घेत होती आणि बँकेने तिचा अर्ज बाजूला ठेवला होता. कारण काय, तर तिच्या सिबिलवर (कुणाच्या नावावर कोणती कर्जं आहेत याच्या अहवालावर) आमचं पुण्याचं ३८ लाखांचं कर्ज तसंच उभं होतं. कोर्टाच्या लेखी आम्ही वेगळे होतो, बँकेच्या लेखी अजून एकाच दोरीला बांधलेले.

तिथून पुढे सात महिने मी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण महाराष्ट्रातलं आहे, सोसायटीतल्या फ्लॅटचं, संमतीने झालेल्या घटस्फोटाचं. वाद चालू असेल, किंवा जोडीदार वारला असेल, तर बँकेचा भाग बराचसा सारखाच, पण मालकीचा भाग वेगळा. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

## १. आधी हे समजून घ्या: नाव तीन ठिकाणी आहे

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. "घर माझ्या नावावर करायचंय" असं आपण एका दमात म्हणतो, पण जोडीदाराचं नाव तीन वेगवेगळ्या दप्तरांत असतं.

पहिलं बँकेचं. तिथे ती सहकर्जदार असते. दुसरं दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या सरकारी कार्यालयाचं. तिथल्या नोंदलेल्या करारात आणि इंडेक्स टू मध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात) ती सहमालक असते. तिसरं सोसायटीचं, म्हणजे शेअर सर्टिफिकेट आणि सभासद नोंदवही.

एका दप्तरातून नाव निघालं म्हणून दुसऱ्यातून निघत नाही. आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने तिन्हींपैकी एकातूनही ते आपोआप निघत नाही. बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नव्हती, त्यामुळे तुम्ही दोघांनी आपसांत "हप्ते तो भरेल" असं ठरवलं तरी बँकेवर ते बंधन नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर समोरचा दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण वसुली मागू शकतो. अर्धी-अर्धी नव्हे, पूर्ण.

म्हणून ज्याला घर मिळत नाही त्यानेच खरं तर जास्त घाई करायला हवी. मालकी गेली आणि कर्ज राहिलं, यासारखी वाईट जागा नाही. हिस्सा सोडण्याच्या कागदावर सही करताना "कर्जातून नाव नंतर काढू" हे कुणाचंही ऐकू नका, नवऱ्याचंही नाही. हे मी, तो नवरा असलेला माणूस, सांगतोय.

## २. हुकूमनामा येण्याआधीच मालकीचा विचार करा

माझी सगळ्यात महाग चूक ही. तिचा एकूण हिशेब सांगतो.

जोडीदाराचा हिस्सा आपल्या नावावर घेण्याचे मुख्यतः तीन कागद आहेत: खरेदीखत, हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र. तिन्ही नोंदवावेच लागतात. फरक मुद्रांक शुल्काचा.

हिस्स्याचे पैसे देणार असाल तर ती विक्रीच झाली. पुण्यात महापालिका हद्दीत सर्वसाधारण दर ७ टक्के, मुंबईत ६. स्त्रीच्या नावावर निवासी घराची खरेदी असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

हक्कसोडपत्राबद्दल एक अफवा सगळीकडे फिरते, एजंट तर छातीठोक सांगतात: "साहेब, हक्कसोड पाचशेच्या स्टँपवर होते." होते, पण वडिलोपार्जित मालमत्तेची, जवळच्या नात्यात. तुम्ही दोघांनी बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही. त्याच्या हक्कसोडीला सोडलेल्या हिस्स्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं, एक रुपयासुद्धा हातात न देता.

आणि बक्षीसपत्र. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात निवासी घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला कोणताही मोबदला न घेता दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत त्यावर स्थानिक संस्था कर आणि जिथे लागू तिथे मेट्रो अधिभार वेगळा बसतो, म्हणजे "दोनशे रुपयांत घर" असं शब्दशः नाही. तरी फरक लाखांचा आहे.

आता शब्द नीट वाचा: नवरा, बायको. माजी नवरा, माजी बायको नव्हे.

आमच्या फ्लॅटचं रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दराने) मूल्य ८० लाख धरलं गेलं. तिचा निम्मा हिस्सा ४० लाख. तिने त्या हिस्स्यासाठी एक पैसाही मागितला नव्हता; २०१४ साली तिचं नाव करारात घातलं तेच मुळी माझ्या एकट्याच्या पगारावर कर्ज पुरत नव्हतं म्हणून. म्हणजे खऱ्या अर्थाने बक्षीसपत्र होऊ शकलं असतं. पण आम्ही निबंधकाकडे गेलो ते हुकूमनाम्यानंतर. मग ४० लाखांवर ७ टक्के, २,८०,००० रुपये शुल्क, वर ३०,००० नोंदणी फी. तीन लाख दहा हजार, आणि त्यातले बरेचसे केवळ तारीख चुकली म्हणून.

संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचा अवधी असतो (२०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे योग्य प्रकरणात कोर्ट तो माफही करतं). या काळात कायद्याने तुम्ही अजून नवरा-बायको असता. बक्षीसपत्राची वेळ ती. मात्र दोन इशारे.

एक, मोबदला असेल तर बक्षीसपत्र करू नका. बाहेरून वीस लाख द्यायचे आणि कागदावर "प्रेमापोटी" लिहायचं, हा प्रकार सहमतीपत्रातल्या आकड्यांशी ताडून पाहिला तर लगेच उघडा पडतो. दोन, देणाऱ्याची जोखीम. अंतिम हुकूमनाम्यापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि तोवर नोंदलेलं बक्षीसपत्र मात्र सहजी मागे घेता येत नाही. म्हणून ते दुसऱ्या टप्प्याच्या अगदी जवळ करा, दोघांच्या वकिलांसमोर.

घर हाच दाव्याचा विषय असेल आणि कोर्टाने तडजोडीच्या हुकूमनाम्यातच ते एकाला दिलं असेल, तर वेगळी नोंदणी टाळण्यासाठी नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) चा आधार घेता येतो. पण त्यासाठी अर्जात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, चतुःसीमेसकट, सुरुवातीपासून असावं लागतं. आमच्या सहमतीपत्रात फक्त "राहता फ्लॅट" एवढंच होतं, आणि "ती नोंदणीकृत दस्ताने हिस्सा सोडेल" असं पुढचं वचन होतं. वचन म्हणजे हस्तांतरण नव्हे. वकिलांना हे मसुदा लिहितानाच विचारा.

## ३. तुमच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का ते घरी बसून पाहा

बँकेत जाण्याआधी वही घ्या. सहकर्जदाराचं नाव काढा असं म्हटलं की बँक जुनं कर्ज नव्याने तपासते, जणू तुम्ही आज पहिल्यांदाच दारात उभे आहात.

माझी शिल्लक ३८ लाख. ८.५ टक्के दराने १५ वर्षांसाठी हप्ता होतो साधारण ३७,४२०. बँका सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत चालवून घेतात. पगार मोठा असेल तर थोडं वर. माझ्या हातात येत होते ८२,०००, आणि गाडीचा हप्ता ९,०००. बेरीज ४६,४००. निम्म्याच्या बरंच पुढे.

मुदत वाढवावी तर वय आड आलं. नोकरदाराचं कर्ज निवृत्तीपर्यंत संपावं असं बँका धरतात. मी ४३ चा, म्हणजे फार तर १७ वर्षं. १७ वर्षांना हप्ता ३५,२७५. गाडी धरून तरीही ५४ टक्के. शेवटी दिवाळीचा बोनस आणि एक मुदत ठेव मोडून गाडीचं कर्ज बंद केलं, तेव्हा आकडा ४३ टक्क्यांवर आला आणि फाइल हलली. अर्ज करण्याआधी छोटी कर्जं मिटवणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, मात्र ती बंद झाल्याची नोंद सिबिलवर चढेपर्यंत थांबा.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दोघांचेही काढा. माझ्या अहवालात २०१७ चं एक बंद क्रेडिट कार्ड "थकीत ४१२ रुपये" म्हणून चालू दाखवत होतं. चारशे बारा रुपयांनी एक महिना खाल्ला.

आणि आकडा बसतच नसेल? मग आई-वडील किंवा भाऊ नवीन सहकर्जदार म्हणून चालतात का ते विचारा. नाहीतर घर विकून कर्ज फेडणं हाही सन्मानाचा मार्ग आहे. घर ठेवण्याच्या हट्टापायी हप्ते थकवलेले लोक मी पाहिलेत.

## ४. जुनी बँक की नवी?

दोन वाटा आहेत.

पहिली: आहे त्याच बँकेत सहकर्जदार वगळणं. कागद कमी लागतात, मूळ दस्त हलत नाहीत, बोजा (घरावरची गहाणाची नोंद) तोच राहतो. पण बँकेवर हे करण्याची सक्ती नाही. दोन माणसांवर वसुलीचा हक्क असताना एकावर का यावं, हा त्यांचा साधा हिशेब. माझ्या शाखेत चार महिने "हब कडे पाठवलंय" (हब म्हणजे बँकेची कर्जांच्या फाइली तपासणारी मध्यवर्ती कचेरी) एवढंच ऐकलं. शेवटी तीन ओळींचं पत्र आलं, विनंती मान्य करता येत नाही. कारण नाही. विनंती पहिल्या दिवसापासून लेखी द्या, पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे जा. तोंडी फेऱ्या मारू नका, मी मारल्या.

दुसरी: बॅलन्स ट्रान्सफर. नवी बँक जुनं कर्ज फेडते आणि तुमच्या एकट्याच्या नावावर नवं कर्ज उघडते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, त्यामुळे जुनी बँक त्या नावाने काही मागत असेल तर नियम विचारा. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करार वाचा.

या वाटेचा एक आडफायदा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली असतात. माझं २०१४ चं कर्ज जुन्याच पद्धतीवर रेंगाळत होतं. दर जवळपास पाऊण टक्क्याने उतरला. घटस्फोटाने दिलेली ही एकच आर्थिक भेट.

खर्च मात्र मोजा: प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल), मूल्यांकन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क. फीमध्ये घासाघीस होते, विशेषतः मार्चअखेरीस.

## ५. आधी कोंबडी की आधी अंडं

इथे बहुतेकांची गाडी रुतते, म्हणून जरा सविस्तर.

नवी बँक म्हणते: मालकी तुमच्या एकट्याच्या नावावर करून आणा, मग एकट्याच्या नावावर कर्ज देतो. जुनी बँक म्हणते: घर आमच्याकडे गहाण आहे, कर्ज फिटल्याशिवाय मालकी बदलायला ना-हरकत देणार नाही. आणि जोडीदार म्हणतो, बरोबरच म्हणतो: कर्जातून माझं नाव निघाल्याशिवाय मी हिस्सा सोडणार नाही. तिघेही आपापल्या जागी योग्य.

सुटका अशी झाली:

१. नव्या बँकेकडून आधी सशर्त मंजुरीपत्र घेतलं. त्यात अट: "नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावर रक्कम वितरित होईल."

२. ते पत्र जोडून जुन्या बँकेकडे अर्ज केला, की कर्ज नव्या बँकेकडून पूर्ण फिटणार आहे, त्यासाठी हिस्सा हस्तांतराला संमती द्या. सहा आठवडे लागले, पण "याच व्यवहारातून कर्ज पूर्ण बंद होण्याच्या अटीवर" अशी लेखी संमती मिळाली.

३. हक्कसोडपत्रात तिच्या वकिलांनी एक परिच्छेद घातला: कर्जाचा सगळा बोजा माझ्यावर, आणि ठरावीक दिवसांत कर्ज बंद न झाल्यास होणाऱ्या नुकसानीची भरपाई मी करेन. मला तेव्हा ते टोचलं. आता वाटतं, तिच्या जागी मीही हेच लिहून घेतलं असतं.

४. सकाळी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला, इंडेक्स टू घेतला, दुपारी नव्या बँकेत दिला. तिसऱ्या दिवशी जुन्या बँकेच्या नावाने धनादेश निघाला, त्यावर माझा कर्जखाते क्रमांक लिहिलेला.

ही साखळी जमत नसेल तर दुसरा मार्ग: आधी दोघांच्या नावावरच कर्ज नव्या बँकेत न्यायचं आणि तिथे वगळण्याचं लेखी आश्वासन घ्यायचं. मला तो पटला नाही. आश्वासन देणारा अधिकारी बदलून जातो, कर्ज राहतं.

## ६. लागणारे कागद

- दोघांचं आधार आणि पॅन. नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह दाखला
- हुकूमनाम्याची आणि सहमतीपत्राची प्रमाणित प्रत (साधी झेरॉक्स कुठेच चालली नाही, चार प्रती काढा)
- मूळ कराराची प्रत, इंडेक्स टू, नोंदणी पावती, आणि घर दुसऱ्याकडून घेतलं असेल तर आधीच्या मालकांची करारांची साखळी
- शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र
- मालमत्ता कराची पावती, वीजबिल
- भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा (नव्या बँकेचा वकील मागतोच)
- जुन्या कर्जाचा बारा महिन्यांचा उतारा, मंजुरीपत्र, फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचं पत्र), आणि बँकेकडे जमा मूळ कागदांची यादी
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, दोन वर्षांचा फॉर्म १६. व्यावसायिकाला तीन वर्षांची विवरणपत्रं

यातली मूळ कागदांची यादी सर्वात आधी मागा. आमच्या फाइलमध्ये २०१४ ची नोंदणी पावती नव्हती. बँक म्हणे आमच्याकडे आलीच नाही, मी म्हणे दिली. शेवटी ती माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, लग्नाच्या अल्बमखाली. पावती घेतली, अल्बम तसाच ठेवला.

## ७. निबंधक कार्यालयातला दिवस

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ग्रास या सरकारी भरणा प्रणालीवर ऑनलाइन चलनाने भरता येते. चलनावर नावं, दस्ताचा प्रकार आणि कार्यालय बिनचूक टाका. परतावा मिळतो, पण त्यासाठी वेगळ्या फेऱ्या. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरून ठेवली की टोकन लवकर लागतं. दोन्ही पक्ष, दोन साक्षीदार, सगळ्यांचे मूळ ओळखपत्र. अंगठा आणि फोटो तिथेच.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

जोडीदार परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवता येतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला इथलं मुद्रांक शुल्क लावून घ्या. कुलमुखत्यारपत्रात "मालमत्तेचे सर्व व्यवहार" असलं मोघम लिहू नका. फ्लॅट क्रमांक, हिस्सा सोडण्याचा अधिकार आणि कर्जाच्या कागदांवर सहीचा अधिकार वेगवेगळा लिहा. मुखत्यार म्हणून घर मिळणाऱ्यालाच नेमू नका. कायद्याने अडलं नाही तरी नव्या बँकेचा वकील अडवतो.

आम्ही दोघं त्या दिवशी बाकावर दोन तास शेजारी बसलो होतो. लिफ्ट बंद, पंखा एक, आणि आत कुणाच्यातरी लग्नाआधीच्या नव्या फ्लॅटची नोंदणी पेढे वाटत चाललेली. ती हसली, मीही. एवढंच सांगतो, दोघं प्रत्यक्ष येऊ शकत असाल तर या. कामं लवकर होतात.

## ८. पैसे गेल्यानंतर

धनादेश जुन्या बँकेत जमा झाला म्हणजे काम झालं असं नाही. ही चार कामं कुणी आठवण करून देत नाही.

मूळ कागद. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत देणं आणि बोजा उतरवणं बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे परिपत्रक छापून अर्जाला जोडलं. माझे कागद एकोणतिसाव्या दिवशी आले. हुशार लोक.

बोजा. कर्जबंदीचं पत्र आणि ना-हरकत घेतल्यावर सरसाई या केंद्रीय नोंदवहीत जुन्या बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करा. राहिला तर पुढे घर विकताना डोकं वर काढतो. नव्या बँकेच्या गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे तीस दिवसांत ऑनलाइन द्यायची असते. बँकेचा माणूस करून देतो, पण पावती आपल्याकडे हवी.

जुना हप्ता. आमचा हप्ता एकदा नव्या आणि एकदा जुन्या बँकेत, असा त्या महिन्यात दोनदा कापला गेला. जुना नाच (NACH) आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, लेखी रद्द करा.

विमा. जुन्या कर्जासोबत दोघांच्या नावावर एकरकमी हप्त्याचा विमा माथी मारलेला असतो. कर्ज बंद झालं की उरलेल्या मुदतीच्या हप्त्याचा काही भाग परत मागता येतो. मागितल्याशिवाय मिळत नाही. नवी बँक आमच्याकडचाच जीवन विमा घ्यायला हवा असं म्हणेल, सक्ती नाही. मात्र आता कर्ज एकट्यावर आहे, मुलं असतील तर साधा टर्म विमा स्वतःहून घ्या.

## ९. सोसायटी, महावितरण, मालमत्ता कर

इंडेक्स टू ची प्रत, हक्कसोडपत्र आणि अर्ज सोसायटीला द्या. प्रवेश शुल्क १०० आणि हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. आमच्या कमिटीने आधी पंचवीस हजार अधिमूल्य (हस्तांतराचा प्रीमियम) मागितलं. महापालिका हद्दीत ती कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे, आणि इथे नवीन सभासद कुणी येतच नव्हता. मी पहिल्या दिवसापासून सभासद होतो. हे सचिवांना लेखी दिलं, पुढच्या बैठकीत मागणी मागे घेतली. नामनिर्देशनही नव्याने भरा. जुन्या फॉर्मवर तिचंच नाव असतं, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

महापालिका आणि महावितरणकडे नावबदल ऑनलाइन होतो. त्यावर जास्त शाई खर्च करण्यासारखं काही नाही.

## १०. आयकर, थोडक्यात पण सीएसमोर बसून

नवरा-बायकोत मिळालेली भेट आयकरात नातेवाइकाकडून मिळालेली धरतात, त्यावर कर नाही. घटस्फोटानंतर ते नातं कायद्याने उरत नाही. त्यामुळे हुकूमनाम्यानंतर मोबदल्याशिवाय हिस्सा घेणाऱ्याला विभाग प्रश्न विचारू शकतो. आमच्या सहमतीपत्रात हिस्सा सोडण्याचं कलम होतं म्हणून माझ्या सीएने तो हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा भाग म्हणून मांडला. ते एक वाक्य नसतं तर मला रात्री झोप लागली नसती.

हिस्स्याचे पैसे ५० लाख किंवा जास्त असतील तर देताना १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो. घराचा ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत हस्तांतर झालं तर मुद्दलावर घेतलेली वजावट परत उत्पन्नात येऊ शकते, हे नाव काढणाऱ्याने पाहायचं. आणि जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर पूर्वी दोघांना प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वजावट मिळत होती. आता तुमच्या एकट्याचे दोन लाख. हप्त्याचा हिशेब करताना हे धरा.

## ११. बाहेर पडलेल्या माणसाला त्याचे कागद द्या

कर्जबंदीचं पत्र, ना-हरकत आणि हक्कसोडीचा इंडेक्स टू यांच्या प्रती जोडीदाराला पाठवा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जाची माहिती दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांकडे पाठवावी लागते, तरी दीड-दोन महिने थांबून दोघांचे अहवाल पुन्हा काढा. तिच्या अहवालात आमचं कर्ज "बंद" दिसायला हवं. "तडजोड" किंवा "सेटल्ड" दिसलं तर लगेच वाद नोंदवा, तो शेरा पुढच्या कर्जाला नडतो.

मी तिला कागद कुरिअरने नाशिकला पाठवले. आठवड्याने तिच्या बँकेतून मंजुरी आली, आणि तिने विचारलं, नव्या घराच्या करारात एकटीचंच नाव घालू की आईचंही? मी म्हटलं, आई सहकर्जदार म्हणून लागत नसेल तर तिला सहमालकही करू नकोस, नामनिर्देशन पुरे.